घरात चिनी बोलणारी मुलं विद्यापीठात चिनी का शिकतात?

अमेरिकेतल्या विद्यापीठांत चिनी शिकणाऱ्यांची संख्या घटते आहे. तिथली मॉडर्न लँग्वेज असोसिएशन दर काही वर्षांनी परदेशी भाषांच्या वर्गांतले विद्यार्थी मोजते. 2013 साली चिनीच्या वर्गांत सुमारे 61 हजार विद्यार्थी होते. 2021 मध्ये ते 46 हजारांच्या आसपास आले. या घसरणीच्या बातम्या येतात तेव्हा चीन-अमेरिका तणाव, महासाथ आणि नोकऱ्यांची चर्चा होते. याच वर्गांत बसणाऱ्या एका गटाकडे मात्र फारसं लक्ष जात नाही. चेन, वाँग, लिन अशा आडनावांची ही मुलं जन्मापासून घरात चिनी ऐकतात, आजीशी फोनवर चिनीतच बोलतात, आणि तरीही विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या चिनीच्या वर्गात नाव घालतात.

बाहेरून बघणाऱ्याला यात लबाडीचा वास येतो. येणारीच भाषा घ्यायची आणि फुकटचे गुण मिळवायचे, असं वाटतं. उलट चीनहून आलेल्या एखाद्या काकूंना या मुलांची कीव येते: चिनी घरातलं पोर आणि साधं वर्तमानपत्र वाचता येत नाही! माझ्या मते दोघंही चुकतात. या मुलांची भाषा अर्धवट नाही आणि पूर्णही नाही. तिचा घाट वेगळा आहे. तो समजून घेतला की त्यांना विद्यापीठाचा वर्ग का लागतो तेही उलगडतं.

वारसाभाषक म्हणजे कोण?

इंग्रजीत यांना ‘हेरिटेज स्पीकर’ म्हणतात. आपण वारसाभाषक म्हणू. स्टॅनफर्डच्या भाषातज्ज्ञ ग्वादालूपे वाल्देस यांनी 2000 च्या सुमारास केलेली व्याख्या आज सर्वाधिक वापरली जाते. तिचा आशय असा: ज्या घरात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलली जाते अशा घरात वाढलेला, ती भाषा बोलणारा किंवा निदान समजणारा, आणि त्या प्रमाणात द्विभाषिक असलेला माणूस.

‘किंवा निदान समजणारा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. बहुतेक घरांत होतं असं की आईबाप चिनीत विचारतात आणि मूल इंग्रजीत उत्तर देतं. सुरुवातीला मूल चिनीच बोलत असतं. ते शाळेत जायला लागलं की इंग्रजी घरात शिरते. थोरलं भावंड ती घेऊन येतं आणि धाकटी त्याच्याशी इंग्रजीतच खेळतात, त्यामुळे एकाच घरात थोरलीला चिनी बरी येते आणि शेंडेफळाला जेमतेम समजते. घरात आजी-आजोबा राहत असतील तर भाषा जास्त टिकते, कारण त्यांच्याशी बोलायला दुसरा मार्गच नसतो.

या मुलांचा शब्दसंग्रहही घरातल्यासारखाच असतो. भाज्या, भांडी, दुखणी, नातेवाईक, सणवार हे सगळं त्यांना येतं. ‘जेवून घे’, ‘स्वेटर घाल’, ‘अभ्यास झाला का’ ही वाक्यं त्यांनी हजारो वेळा ऐकलेली असतात. निवडणूक, कर्ज, बेरोजगारी, पुरावा, गृहीतक हे शब्द मात्र जेवणाच्या टेबलावर आलेलेच नसतात. त्यांनी ही भाषा मुख्यतः आज्ञा आणि चौकशा ऐकत उचललेली असते. आपलं मत मांडायला, वाद घालायला, प्राध्यापकांना आदराने पत्र लिहायला ती कधी वापरलेलीच नसते.

चिनीत वस्तू मोजताना संख्या आणि नाम यांच्या मध्ये एक मोजशब्द घालावा लागतो. कागदासारख्या सपाट वस्तूंचा वेगळा, दोरी-रस्त्यासारख्या लांबट गोष्टींचा वेगळा, पुस्तकांचा वेगळा. घरात वाढलेली मुलं बऱ्याचदा ‘ग’ हा एकच सर्वसाधारण मोजशब्द सगळीकडे चालवतात. आजीला समजतं, ती हसून सोडून देते. परीक्षेतल्या निबंधात ते चालत नाही.

खरी भिंत लिपीची आहे

मराठी वाचकाला हा भाग मुद्दाम सांगायला हवा, कारण आपली लिपी आपल्याला फार सवलत देते. न्यू जर्सीत वाढलेल्या, मराठी अस्खलित बोलणाऱ्या मुलीने ठरवलं तर काही महिन्यांत ती देवनागरी शिकू शकते, आणि त्यानंतर तिला येणारा जवळजवळ प्रत्येक शब्द ती वाचू शकते. उच्चार माहीत आहे, अक्षरं उच्चारानुसार आहेत, संपलं.

चिनीत अशी एकदाच चढून पार करायची पायरी नाही. तिथे प्रत्येक अक्षर म्हणजे उच्चार आणि अर्थ सोबत घेऊन आलेली एक आकृती असते. चीन सरकारने 2013 मध्ये जाहीर केलेल्या प्रमाण यादीत 8105 अक्षरं आहेत. त्यांतली नेहमीच्या वापरासाठी आणि शालेय शिक्षणासाठी लागणारी 3500 पहिल्या स्तरात ठेवली आहेत. चीनमधलं मूल ती वर्षानुवर्षं रोजच्या शाळेत, रोजच्या गृहपाठात गिरवतं. कॅलिफोर्नियातल्या मुलाला त्यासाठी शनिवारची सकाळ मिळते.

म्हणून पंधरा मिनिटं अडखळल्याशिवाय बोलणारी विद्यार्थिनी त्याच संभाषणाची लेखी प्रत हातात घेतली की गोंधळते. दुसरीकडे ओहायोतल्या शेतकरी कुटुंबातला, चिनीचा गंधही नसलेला मुलगा वर्षभरात चारपाचशे अक्षरं घोकून तिच्या पुढे जातो, पण दुकानात साधा भाव विचारताना त्याची जीभ वळत नाही. सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला प्रत्येक बोळ पायाखालचा असतो, पण पाट्या न वाचता. तर नव्याने आलेल्याच्या हातात नकाशा असतो आणि तरी तो दर वळणावर थांबतो. या दोघांना एकाच बाकावर बसवून एकच धडा दिला तर एकाचा वेळ जातो आणि दुसऱ्याचा धीर.

वारसाभाषकाला लिपी शिकताना एक मोठा फायदा मिळतो आणि चांगले शिक्षक तो पुरेपूर वापरतात. बहुसंख्य चिनी अक्षरं दोन भागांची असतात: एक भाग अर्थाचा सुगावा देतो, दुसरा उच्चाराचा. ‘मा’ हा उच्चार घ्या. मँडरिनमध्ये, म्हणजे चीनच्या प्रमाण भाषेत, तो उंच, सपाट सुरात म्हटला की आई; खाली जाऊन वर येणाऱ्या सुरात घोडा; झपकन उतरत्या सुरात रागावणं, शिव्या देणं. आता लिहिताना बघा. पारंपरिक लिपीत घोड्याच्या आकृतीशेजारी ‘स्त्री’ची खूण घातली की आई होते. घोड्यावर दोन ‘तोंडं’ काढली की रागावणं होतं. शेजारी एकच ‘तोंड’ ठेवलं की प्रश्नाच्या शेवटी लागणारा, आपल्या ‘का’सारखा शब्द तयार होतो. घोड्याचा अर्थाशी काही संबंध नाही, तो फक्त उच्चार सांगतो. नवख्याला ही चार अक्षरं आणि चार उच्चार दोन्ही पाठ करावे लागतात. घरात चिनी ऐकलेल्या मुलीला चारही शब्द आधीच येत असतात. तिला फक्त हे लक्षात यायचं असतं की आपल्याला येणारा आवाज या आकृतीत बसलेला आहे.

आणि आजकाल हाताने लिहायची वेळ तशी कमीच येते. फोनवर किंवा संगणकावर रोमन अक्षरांत उच्चार टाइप करायचा आणि समोर आलेल्या अक्षरांतून योग्य ते निवडायचं, अशीच बहुतेक चिनी माणसं लिहितात. या रोमन पद्धतीला पिनयिन म्हणतात. चीनने ती 1958 मध्ये स्वीकारली. सतत टाइप केल्यामुळे चीनमधले सुशिक्षित लोकही पेन हातात घेतलं की अक्षर विसरतात, अशी तक्रार तिथे सर्रास ऐकू येते. म्हणूनच मला वाटतं, वारसाभाषकांच्या वर्गात आधी वाचन आणि टायपिंगवर भर द्यावा, हस्तलेखन मागाहून. पहिल्याच महिन्यात वहीत पानंच्या पानं गिरवायला लावून कितीतरी मुलांचा उत्साह मारला जातो.

‘चिनी’ म्हणजे नक्की कोणती?

इथे खरी गुंतागुंत सुरू होते. अमेरिकेत इंग्रजी आणि स्पॅनिशनंतर सर्वाधिक घरांत बोलली जाणारी भाषा चिनी, असं जनगणना विभाग सांगतो. बोलणारे सुमारे 35 लाख. पण या एका नावाखाली मँडरिन, कँटोनीज, ताइशानी, फूचौची बोली, होक्केन, हाक्का, शांघायी असं बरंच काही येतं. यांतल्या कित्येक एकमेकींना बोलताना समजत नाहीत. वर्गात कोण बसलं आहे हे कळायला स्थलांतराचा इतिहास बघावा लागतो.

एकोणिसाव्या शतकात सोन्याच्या खाणी आणि रेल्वेच्या कामासाठी कॅलिफोर्नियात आलेले चिनी बहुतांशी दक्षिणेतल्या ग्वांगदोंग प्रांतातून आले, त्यातही ताइशान आणि शेजारचे तालुके मिळून होणाऱ्या ‘सी यिप’ म्हणजे चार तालुक्यांच्या पट्ट्यातून. (मुंबईत माझगावला 1919 मध्ये बांधलेलं छोटं चिनी मंदिर आहे, त्याचं नाव सी यिप. ते याच पट्ट्यावरून आलं आहे.) 1882 च्या कायद्याने अमेरिकेने चिनी मजुरांना दार बंद केलं. 1943 मध्ये तो कायदा रद्द झाला, पण दार खऱ्या अर्थाने उघडलं ते 1965 च्या कायद्याने. मग हाँगकाँगची कँटोनीज बोलणारी कुटुंबं आली आणि तैवानहून उच्चशिक्षणासाठी तरुण आले. 1979 मध्ये चीन आणि अमेरिकेचे राजनैतिक संबंध सुरू झाल्यावर चीनच्या मुख्यभूमीतले विद्यार्थी येऊ लागले. 1980 च्या दशकापासून न्यूयॉर्कमध्ये फूचौ भागातले लोक मोठ्या संख्येने उतरले.

या सगळ्यांची नातवंडं-मुलं आज विद्यापीठाच्या एकाच वर्गात असतात आणि तिथे शिकवली जाते ती मँडरिन. बीजिंगहून आलेल्या प्राध्यापकांच्या मुलीची घरभाषा आणि वर्गभाषा जवळपास एकच असते. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधल्या, ताइशानी बोलणाऱ्या स्वयंपाक्याच्या मुलाला वर्गभाषा अर्धी परकी असते. ‘मी आधी निघतो’ असं म्हणताना मँडरिनमध्ये ‘आधी’ क्रियापदाच्या अगोदर येतं, कँटोनीजमध्ये नंतर. मँडरिनमध्ये चार सूर, कँटोनीजमध्ये सहा. शिवाय प्रमाण लेखन मँडरिनच्या धाटणीचं असल्यामुळे कँटोनीज बोलणारा माणूस ‘तो’ म्हणताना एक शब्द बोलतो आणि औपचारिक लिखाणात दुसराच लिहितो.

लिपीतही फूट आहे. चीनने 1956 पासून अक्षरं सोपी केली. तैवान, हाँगकाँग आणि मकाऊ यांनी जुनीच ठेवली. घोडा जुन्या पद्धतीत दहा फटकाऱ्यांत काढतात, नव्यात तीन. तैवानी आईने शिकवलेलं अक्षर काढल्यावर शिक्षकांनी त्याखाली लाल रेघ मारली, तर ती मुलगी त्यातून काय शिकेल? तिच्या आईचं अक्षर चुकलेलं नाही. वर्गाने निवडलेला पर्याय वेगळा आहे, एवढंच. उच्चारांचंही तेच. दक्षिण चीन आणि तैवानमधल्या अनेकांच्या मँडरिनमध्ये ‘स’ आणि ‘श’ यांत फरक राहत नाही. त्यांची मुलं पिनयिन टाइप करताना तिथेच चुकतात आणि ‘नीट बोला’ असं ऐकून घेतात. मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी घरातून येऊन शाळेत ‘अशुद्ध’ हा शिक्का सोसलेल्या कुणालाही हे दुखणं समजावून सांगायची गरज नाही.

मग उपयोग तरी काय घरच्या भाषेचा?

फार मोठा. 2014 मध्ये माँट्रियलमधल्या संशोधकांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. चीनमध्ये जन्मलेल्या आणि अगदी लहानपणी फ्रेंच बोलणाऱ्या कुटुंबांत दत्तक गेलेल्या 9 ते 17 वर्षांच्या मुली त्यांनी अभ्यासल्या. या मुलींना चिनीचा एक शब्दही आठवत नव्हता. चिनी सूर ऐकवून मेंदूची छायाचित्रं घेतली, तेव्हा त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद चिनी-फ्रेंच दोन्ही बोलणाऱ्या मुलींसारखा निघाला; फक्त फ्रेंच येणाऱ्या मुलींचा वेगळा होता. मधली बारा-तेरा वर्षं कानावर चिनी पडलेली नव्हती, तरी पहिल्या काही महिन्यांची खूण शाबूत होती.

दत्तक मुलींची ही गोष्ट, तर अठरा वर्षं घरात भाषा ऐकणाऱ्यांचं काय असेल! अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकाला चिनी कामापुरती यायला सुमारे 2200 तास धरते. स्पॅनिश किंवा फ्रेंचला साधारण त्याचा तिसरा हिस्सा. त्या 2200 तासांतला काही वाटा कान तयार होण्यात जातो, आणि तोच वारसाभाषकाकडे आयता असतो.

हे बघताना एक गोष्ट मला फार खुपते. 2006 मध्ये अमेरिकी सरकारने राष्ट्रीय सुरक्षेसाठी ‘महत्त्वाच्या’ भाषा शिकवण्याची मोहीम जाहीर केली आणि चिनी त्यात होती. म्हणजे मोठ्या वयाच्या नवख्यांना शून्यापासून चिनी शिकवायला पैसा आहे. त्याच देशात लाखो मुलं बालवाडीत पाऊल टाकल्यापासून घरची चिनी हळूहळू विसरतात, आणि ती गळती थांबवायला कुणी उभं राहत नाही. 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या खटल्यात निकाल दिला की इंग्रजी न येणाऱ्या मुलांना मदत न करणं हा भेदभाव आहे. निकाल न्याय्यच होता. पण त्यातून मुलांना इंग्रजी मिळाली. त्यांची चिनी घरच्यांच्या भरवशावर राहिली.

वेगळा वर्ग कसा असतो?

येल, स्टॅनफर्ड यांसारख्या विद्यापीठांत वारसाभाषकांसाठी वेगळे चिनी वर्ग आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली केंद्राने प्रवेशाच्या वाटा तीन केल्या: चिनीचा गंध नसलेल्यांसाठी एक, घरात मँडरिन बोलणाऱ्यांसाठी दुसरी, आणि कँटोनीजसारखी दुसरी चिनी बोलणाऱ्यांसाठी तिसरी. तिसरी वाट वेगळी काढली हे मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं, कारण ताइशानी घरातल्या मुलाला बीजिंगच्या मुलीबरोबर बसवणं हा नवख्यांबरोबर बसवण्याइतकाच अन्याय आहे.

अशा वर्गात ‘तुझं नाव काय’ या धड्यावर आठवडे जात नाहीत. लिपीचा वेग दुप्पट असतो, आणि लवकरच बातम्या, पत्रं, मुलाखती हाताळायला देतात. आजीची मुलाखत चिनीत घेऊन ती लिहून काढा, असाही गृहपाठ असतो. त्यात घरची भाषा आणि वर्गातलं लेखन एकाच कागदावर येतात, आणि आईबापांनी कधी न सांगितलेल्या गोष्टी मुलांच्या हाती लागतात.

‘पण हे फुकटचे गुण नाहीत का?’

वारसाभाषक मुद्दाम नवख्यांच्या वर्गात जाऊन बसला तर आहेत. म्हणून तर प्रवेशाआधी चाचणी आणि घरभाषेची चौकशी असते. परीक्षा घेणारी अमेरिकी संस्था कॉलेज बोर्ड 2007 पासून शाळकरी मुलांची चिनीची एपी, म्हणजे महाविद्यालयीन पातळीची परीक्षा घेतं, आणि तिचे निकाल दोन प्रकारे देतं: सगळ्यांचे एकत्र, आणि घरात किंवा परदेशात ती भाषा न शिकलेल्यांचे वेगळे. दोन्ही आकडे न बघता ‘चिनीत सगळ्यांना पैकीच्या पैकी मिळतात’ असं म्हणणं चुकीचं आहे. खऱ्या वारसावर्गातले गुण वाचन-लेखनावर असतात, आणि ते कुणाच्याही आजीने पाजलेलं नसतं.

‘आईबापांनीच का नाही शिकवलं?’

पुष्कळांनी प्रयत्न केला. शनिवार-रविवारच्या चिनी शाळा अमेरिकाभर आहेत. तैवानी पालकांनी चालवलेल्या वेगळ्या, मुख्यभूमीतल्या पालकांच्या वेगळ्या. पण बाराव्या-तेराव्या वर्षी खेळ, संगीत आणि शाळेचा अभ्यास सुरू झाला की मुलं गळतात. ज्यांचे आईबाप हॉटेलात बारा तास राबतात त्यांना तर शनिवारही मोकळा नसतो. स्वतःच्या भाषेबद्दल ओढ वाटायला अनेकदा घर सोडून वसतिगृहात जावं लागतं, आणि त्या वेळी हाताशी विद्यापीठच असतं.

‘मँडरिन पुरे, कँटोनीज कशाला?’

हाही आक्षेप येतो. स्टॅनफर्डमध्ये 2020-21 च्या सुमारास कँटोनीजच्या वर्गांवर कात्री आली, तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी ‘सेव्ह कँटोनीज’ ही मोहीम उभी केली आणि देणगीच्या बळावर वर्ग टिकले. ज्याच्या आजीला फक्त कँटोनीज येते त्याला मँडरिन कितीही उत्तम आली, तरी दवाखान्यात डॉक्टरांचं बोलणं तो आजीला समजावून सांगू शकत नाही. फोनमधलं भाषांतर मँडरिनसाठी बरं चालतं. ताइशानी बोलणाऱ्या आजीपुढे ते धरून बघा.

मराठी घरांसाठी यात काय आहे?

परदेशात बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांत मुलांना घालणारे पालक सारख्याच विवंचनेत असतात: मूल समजतं सगळं, बोलतं इंग्रजीत, वाचत नाही. चिनी घरांच्या तुलनेत त्यांचं काम सोपं आहे. लिपी पंधराव्या काय, पंचविसाव्या वर्षीही शिकता येते. ऐकण्या-बोलण्याची संधी मात्र नंतर तितक्या स्वस्तात मिळत नाही. त्यामुळे सहा वर्षांच्या मुलाला बाराखडीवरून रडवण्याआधी त्याच्याशी मराठीत गप्पा माराव्यात, आणि त्या फक्त जेवण-आंघोळीच्या नसाव्यात. क्रिकेटवर, शाळेतल्या भांडणांवर, बातम्यांवर बोलावं, म्हणजे घरच्या भाषेत वाद घालायचे शब्दही येतील. मुलाने इंग्रजीत उत्तर दिलं तरी आपण मराठीतच पुढे बोलत राहावं.

आणि ते मूल पुढे एखाद्या विद्यापीठात कुठल्याही वारसाभाषेच्या वर्गाला गेलं, तर चाचणीच्या अर्जात घरात कोण कोणाशी काय बोलतं ते खरं आणि तपशिलात लिहावं. ‘थोडंफार येतं’ एवढंच लिहिलं तर तिथले शिक्षक त्याला चुकीच्या बाकावर बसवतात.